आलें आणि सुंठ : हवामानाच्या साक्षीनें जुन्या व्यापाराचा विचार

जुन्या कागदांत एखाद्या जिनसाचें नांव आढळलें म्हणजे तो जिन्नस कोठें पिकला असेल, हा प्रश्न संशोधकापुढें उभा राहतो. आणि त्याचें उत्तर बहुधा त्याच कागदांत शोधलें जातें. कागदावर ज्या बंदराचें नांव तेंच पिकाचें गांव, असें धरून चालण्याची संवय लेखकांना फार पुरातन काळापासून आहे. वस्तुतः कागद सांगतो तें विक्रीचें ठिकाण. पिकाचें ठिकाण जमीन, पाऊस व ऊन यांना विचारावें लागतें. या दोन साक्षी एकमेकींशीं ताडून पाहिल्या म्हणजे कित्येक घोटाळे आपोआप उलगडतात, असा आमचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखांत आम्हीं आल्याचें पीक उदाहरणादाखल घेतलें आहे. हें पीक हवामानाच्या बाबतींत फार हट्टी आहे. शिवाय तें बाजारांत दोन रूपांनीं येतें, एक ओलें व एक वाळलेलें. या दोन रूपांचे मार्ग निराळे, भाव निराळे आणि नांवेंही निराळीं आहेत. हा भेद ध्यानांत न घेतल्यास जुन्या नोंदींचा अर्थ लावतांना चूक होण्याचा संभव आहे.

१. शब्दांची साक्ष

प्रथम नांवांचा विचार करूं. संस्कृतांत आल्याला आर्द्रक म्हणतात. म्हणजे ओलें तें. हेमचंद्रानें बाराव्या शतकांतील आपल्या प्राकृत व्याकरणांत ‘आर्द्र’ या शब्दाचीं उल्ल, ओल्ल, अल्ल व अद्द अशीं रूपें दिलीं आहेत. यांपैकीं ‘अल्ल’ या रूपापासून आपलें ‘आलें’ आणि ‘ओल्ल’ या रूपापासून आपलें ‘ओलें’ निघालें. मराठींत आलें आणि ओलें हे शब्द अशा रीतीनें सख्खे भाऊ आहेत. मराठवाड्यांत ‘अद्रक’ हा शब्द रूढ आहे, त्याचेंही मूळ तेंच. उलटपक्षीं ‘शुंठी’ अथवा सुंठ हा शब्द वाळण्याच्या अर्थाचा आहे. एकाच कंदाचीं हीं दोन नांवें केवळ स्वयंपाकघराच्या सोयीकरितां पडलेलीं नाहींत. चरकसंहितेच्या अन्नपानविधि अध्यायांत आलें हरितवर्गांत व सुंठ आहारयोगी द्रव्यांत, अशी त्यांची वांटणी केलेली आहे. प्राचीन वैद्यांनीं त्यांना दोन द्रव्यें मानलें, आणि आजचें रसायनशास्त्र त्यांच्या या मतास पुष्टि देतें. कारण कंद वाळतांना त्यांतील जिंजेरॉल या तिखट द्रव्याचा कांहीं अंश शोगाओल या अधिक तिखट द्रव्यांत पालटतो.

तिसरें नांव शृंगवेर. शिंगासारखा आकार म्हणून शृंगवेर, अशी व्युत्पत्ति पूर्वींपासून सांगितली जाते. परंतु तामीळ व मलयाळम् या भाषांत आल्याला ‘इंजि’ किंवा ‘इंचि’ म्हणतात, आणि त्या भाषांत ‘वेर’ म्हणजे मूळ. या दाक्षिणात्य नांवालाच शृंगाचा संस्कृत पेहराव चढला असावा, असें अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पालींतील सिंगिवेर, ग्रीकांतील झिंगिबेरिस, लॅटिनांतील झिंगिबेर व अरबींतील झंजबील हीं नांवें याच कुळांतील होत. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पश्चिमेकडे जें नांव गेलें तें आर्द्रक नव्हे. ‘ओलें’ हें नांव घरीं राहिलें. समुद्रापलीकडे गेलें तें दक्षिणेकडील नांव. असें कां झालें, याचें उत्तर पुढें पिकाच्या प्रकृतींत मिळतें.

२. पिकाची प्रकृति

आलें हळद व वेलदोडा यांच्या कुळांतील आहे. विल्यम रॉस्को यानें १८०७ सालीं त्याला आजचें शास्त्रीय नांव दिलें. लागवडींतील आल्याला बीं धरत नाहीं म्हटलें तरी चालेल, आणि रानांत आपोआप वाढणारें मूळचें आलें कोठेंही निश्चितपणें सांपडलेलें नाहीं. त्याची वाढ केवळ कंदाच्या तुकड्यांपासून होते. यावरून असें निष्पन्न होतें कीं, जगांत जेथें जेथें आल्याचें शेत आहे, तेथें तेथें कोणीतरी मनुष्यानें जिवंत कंद हातांनीं नेऊन लावलेला आहे. वारा, पक्षी किंवा पुराचें पाणी यांनीं हें पीक पसरलेलें नाहीं.

या पिकाला उष्ण व दमट हवा लागते. समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० मीटर उंचीपर्यंत तें येतें. पावसावर घ्यावयाचें तर वर्षाकाठीं १५०० ते ३००० मिलीमीटर पाऊस हवा. परंतु एकूण पावसापेक्षां त्याची वांटणी अधिक महत्त्वाची आहे. कंद लावल्यापासून तो पुरा भरेपर्यंत आठ ते नऊ महिने जातात, आणि शेवटचे कांहीं आठवडे सोडले तर या सर्व काळांत जमिनींत ओल असावी लागते. ओल हवी, पण साचलेलें पाणी क्षणभरही चालत नाहीं. पाणी तुंबलें कीं कंदकूज लागते आणि पाहतां पाहतां वाफेच्या वाफे बसतात. म्हणून जमीन भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्यानें भरलेली आणि उत्तम निचऱ्याची पाहिजे. किंचित् सावली असल्यास पीक संतोषानें वाढतें.

केरळांत एप्रिल-मेच्या वळवाच्या सरी पडतांच उंच वाफ्यांवर सुमारें २० ते २५ ग्रॅम वजनाचे, एक-दोन डोळे असलेले तुकडे लावतात, आणि वर हिरव्या पाल्याचें जाड आच्छादन घालतात. पुढें दीड महिन्यानें व तीन महिन्यांनीं पुन्हां पाला घालतात. या पाल्यानें पावसाचा मारा अडतो, माती वाहून जात नाहीं, ओल टिकते आणि शेवटीं तो कुजून खत होतो. बेणें हेक्टरीं १५०० ते १८०० किलो लागतें. हा आंकडा शेतकऱ्याच्या दृष्टीनें मोठा आहे. मूठभर बियाण्यावर होणारें हें पीक नव्हे. पुढील हंगामाकरितां उत्तम कंदांचा मोठा सांठा विकण्याचा मोह आवरून, सावलींतील खड्ड्यांत किंवा आढींत महिनोगणती राखून ठेवावा लागतो. ज्याला हें साधतें त्यालाच हें पीक साधतें.

आणखी एक गुण. एकाच जमिनींत लागोपाठ आलें घेतल्यास मातींतील रोग बळावतात. म्हणून जमीन पालटावी लागते. अलीकडच्या काळांत, विशेषतः १९९० नंतर, केरळांतील पुष्कळ आलेंकरी कर्नाटकांतील कोडगु, म्हैसूर, हासन, शिवमोग्गा या भागांत खंडानें जमिनी घेऊन आलें पिकवूं लागले, त्याचें एक कारण हेंच. सारांश, आल्याचें शेत फिरतें असतें. जें शेत फिरतें त्याच्या गांवाचें नांव मालाला चिकटत नाहीं. स्थिर असतें तें बंदर, आणि नांव चिकटतें तें बंदराचें.

३. मलबारास सुंठ कां साधली

कंद उपटल्यावर ओलें आलें फार दिवस टिकत नाहीं. तें सुकतें, मऊ पडतें, बुरसतें, नाहीं तर त्याला कोंब फुटतात. म्हणून लांबच्या प्रवासाला दोनच उपाय होते : एक, कंद जिवंत ठेवणें, दुसरा, तो पुरता वाळविणें. पहिल्या उपायाचें एक सुंदर उदाहरण इब्न बतूता यानें नोंदलें आहे. चौदाव्या शतकांत कालिकतच्या बंदरांत पाहिलेल्या चिनी जहाजांचें वर्णन करतांना तो सांगतो कीं, खलाशी लांकडी पेट्यांतून भाजीपाला व आलें लावतात. समुद्रावर ओलें आलें हवें असेल तर तें जहाजावरच पिकवावें लागे, हा याचा अर्थ.

दुसरा उपाय म्हणजे सुंठ. पुरे भरलेले कंद काढून धुवावयाचे, बांबूच्या कामटीनें वरची साल हलक्या हातानें खरवडावयाची, आणि आठवडा-दहा दिवस उन्हांत वाळवावयाचे. लोखंडी सुरी वापरल्यास कंदाला डाग पडतो. साल खोलवर निघाल्यास तिच्याखालचें तेल जातें, आणि तेलाबरोबर सुवासही जातो. चार ते पांच शेर ओल्या आल्याची एक शेर सुंठ होते. या कामाला सतत आठवडाभर निरभ्र ऊन पाहिजे.

आतां अडचण ध्यानांत येईल. पिकाला आठ महिने ओल पाहिजे, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच कोरडें ऊन पाहिजे. हा योग निसर्गतः फार थोड्या ठिकाणीं जुळतो. केरळाच्या किनाऱ्यावर तो जुळतो. तेथें एप्रिल-मेमध्यें वळवाचा पाऊस, जूनपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत परतीचा ईशान्य मोसमी पाऊस अशी तिहेरी सांखळी आहे. आणि डिसेंबर सरतां सरतां आकाश मोकळें होतें. म्हणजे पाऊसच पीक पुरें करतो, आणि ऊन सुंठ करून देतें. विहिरीला मोट लावण्याचें कारण पडत नाहीं.

आमच्या कोंकणाशीं तुलना केली तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. कोंकणांत पाऊस कमी पडतो असें कोणीही म्हणणार नाहीं. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि ऑक्टोबरपासून जमीन सुकूं लागते. त्या वेळीं आल्याचा कंद अर्धवट भरलेला असतो. पुढील महिने पाणी शिंपल्याशिवाय गत्यंतर नाहीं. म्हणून कोंकणांत आलें बागाइतांत आलें, रानांत पसरलें नाहीं. पालघर जिल्ह्यांतील केळवे-माहीमचें बागाईत जुन्या काळापासून नांवाजलेलें आहे, आणि महाराष्ट्रांत आजही सर्वांत परिचित असलेल्या आल्याच्या वाणाचें नांव ‘माहीम’ हेंच आहे. तात्पर्य, पावसाचा एकूण आंकडा पाहून पिकाचा अंदाज बांधूं नये. तो किती महिन्यांत वांटला जातो तें पाहावें.

४. बंदरांचीं नांवें

या कसोटीवर कांहीं प्रसिद्ध उल्लेख घांसून पाहूं. रोमन लेखक प्लिनी यानें पहिल्या शतकांत आल्याविषयीं लिहितांना एक गैरसमज खोडून काढला आहे. आलें म्हणजे मिऱ्याच्या झाडाचें मूळ, असें कांहीं लोक समजत; तसें नाहीं, असें तो बजावतो. पण लगेच तो सांगतो कीं, हें पीक अरबस्तान व तांबड्या समुद्राकांठचा त्रोग्लोदितांचा प्रदेश येथें होतें. त्याचा भाव तो शेरास नव्हे, रोमन पौंडास ६ दिनार असा देतो. त्याचा समकालीन वैद्य डायस्कोरिडीस यानेंही हेच दोन प्रदेश सांगितले आहेत. आतां तो किनारा मुख्यतः रुक्ष. ज्या पिकाला आठ महिने ओल लागते तें तेथें व्यापाराला पुरेल इतकें पिकत होतें, हें संभवत नाहीं. हिंदुस्थानांतून आलेली सुंठ अरब व आफ्रिकी बंदरांत हातपालट होऊन पुढें जात असे. रोमन गिऱ्हाइकाला दिसला तो शेवटचा विक्रेता, आणि त्याचाच देश तो पिकाचा देश समजला. मूळ ठिकाण गुप्त राहण्यांत मधल्या व्यापाऱ्याचा लाभ होता, हेंही विसरतां येत नाहीं.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें कोल्लम येथील उत्तम आल्याचा उल्लेख केला, आणि त्याला त्या देशावरूनच नांव पडल्याचें सांगितलें. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील पेगोलोत्ती नामक इटालियन व्यापाऱ्याच्या हस्तपुस्तकांत आल्याचे तीन प्रकार दिले आहेत : बेलेदी, कोलोंबिनो व मिक्किनो. यांपैकीं कोलोंबिनो कोल्लमचें, म्हणजे पिकाच्या मुलुखांतील बंदराचें. बेलेदी हा शब्द अरबी ‘बलदी’, म्हणजे देशी अथवा गांवठी, यावरून आला. मिक्किनो मात्र मक्केचें! मक्केला आलें पिकत नाहीं, हें सांगावयास नको. यात्रेच्या वाटेवर तेथें मोठा बाजार भरे, आणि तेथून माल पुढें जाई, इतकाच त्या नांवाचा अर्थ. एकाच यादींत एक नांव खऱ्या मुलुखाचें, दुसरें केवळ प्रतीचें, आणि तिसरें मधल्या मुक्कामाचें. कागदावर तिन्ही सारखींच दिसतात. त्यांचा भेद हवामान सांगतें.

हीच रीत पुढें चालली. सुंठेच्या व्यापारांत ‘कोचीन’ व ‘कालिकत’ अशा दोन प्रती जगभर प्रसिद्ध झाल्या; तींही बंदरेंच. भारतांत लावल्या जाणाऱ्या एका वाणाचें नांव ‘रिओ-डि-जानेरो’ आहे. दोन हजार वर्षांनंतरच्या एखाद्या संशोधकानें तेवढ्यावरून आलें ब्राझीलांतून निघालें असें अनुमान काढलें, तर त्याची गत प्लिनीसारखीच होईल.

उलट ज्यांनीं मलबारांत व गोमंतकांत राहून लिहिलें त्यांचीं वर्णनें या बाबतींत भरंवशाचीं ठरतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ गोव्यांत १५६३ सालीं छापला गेला; त्यांत आल्यावर स्वतंत्र संवाद आहे. १६७८ ते १६९३ या काळांत बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या डच ग्रंथांत आल्याचें वर्णन ‘इंची’ या देशी नांवाखालीं आलें आहे. पश्चिमेकडे दाक्षिणात्य नांव कां गेलें, या मघांच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. आर्द्रक म्हणजे ओलें. तें प्रवास करूं शकलें नाहीं. प्रवास केला तो सुंठेनें, आणि सुंठ व्यापाराच्या प्रमाणांत जेथें निसर्गतः साधली त्या किनाऱ्याचें नांव तिच्याबरोबर गेलें.

५. आईन-इ-अकबरींतील दोन भाव

आतां एक हिशेब मांडतों. अबुल फजल यानें आईन-इ-अकबरींत मसाल्याच्या जिनसांचे भाव दिले आहेत. त्यांत सुंठ शेरास ४ दाम व ओलें आलें शेरास २॥ दाम असा भाव आहे. वरवर पाहतां यांत नवल कांहीं नाहीं. वाळलेला माल महाग, ओला स्वस्त. परंतु वर सांगितल्याप्रमाणें एक शेर सुंठेला चार ते पांच शेर आलें लागतें. म्हणजे त्याच बाजारांतील आलें विकत घेऊन सुंठ करावयाची तर १० ते १२॥ दामांचा माल लागेल, आणि होणारी सुंठ ४ दामांना विकली जाईल. असा तोट्याचा धंदा कोणीही करणार नाहीं. ४ दामांना सुंठ परवडावयाची तर मूळ आलें शेरास एका दामापेक्षांही बरेंच स्वस्त मिळालें पाहिजे. कारण त्यांतूनच खरवडण्याची मजुरी, वाहतूक व नफा निघावयाचा.

यावरून निष्पन्न होतें तें असें : त्या बाजारांतील सुंठ आणि त्या बाजारांतील आलें यांचा उगम एक नव्हता. निदान एकाच जागीं, एकाच हंगामांत, एकाच भावानें घेतलेल्या मालापासून तीं झालीं नव्हतीं. सुंठ जेथें आलें मुबलक व स्वस्त होतें अशा मुलुखांत, ऐन काढणीच्या वेळीं तयार होऊन आली. ओलें आलें मात्र जवळपासच्या मळ्यांतून थोडथोडें व खर्चानें येई; म्हणून तें महाग. ती सुंठ मलबारचीच होती असें मात्र या आंकड्यांवरून म्हणतां येणार नाहीं. हिमालयाच्या पायथ्याच्या टेंकड्यांतही आलें पिकतें. सिरमूरचा प्रदेश त्याकरितां आजही प्रसिद्ध आहे. आंकडे एवढेंच सांगतात कीं, ती बाहेरची होती. याहून अधिक त्यांच्याकडून वदवून घेणें योग्य नव्हे.

६. देशावरचें आलें

शेवटीं आपल्या मुलुखाकडे वळूं. आज महाराष्ट्रांत आल्याकरितां सातारा जिल्हा अग्रेसर समजला जातो, आणि मराठवाड्यांत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील कन्नड, खुलताबाद या बाजूसही हें पीक बरेंच होतें. वर सांगितलेल्या कसोटीवर हे प्रदेश उतरत नाहींत, असें कोणी म्हणेल. कोरेगांवाकडे केरळाच्या मानानें पाऊस फारच थोडा. मग तेथें आलें येतें कसें?

उत्तर असें कीं, तेथें हवामान शेतकऱ्यानें निर्माण केलेलें आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यांत, विहिरीच्या अथवा कालव्याच्या पाण्यावर बेणें लावतात. हा त्यांचा वळवाचा पाऊस. उंच गादीवाफे निचरा करतात. बांधाच्या कडेनें लावलेली एरंडी किंवा तूर सावली धरते. अडीच-तीन महिन्यांनीं उटाळणी करतात, म्हणजे गड्ड्याभोंवतींची माती हलवून झाडाला भर देतात, तेणेंकरून कंदाला फुगावयास जागा मिळते. पावसाळा संपला कीं पुन्हां पाणी सुरू होतें. हा त्यांचा ईशान्य मोसमी पाऊस. पाऊस कमी असल्यानें पाणी तुंबण्याचा धोका कमी. म्हणजे जी उणीव दिसते तीच एका परीनें सोय ठरते. सातारच्या बाजारांत आलें ‘गाडी’ या मापानें विकतात, आणि एक गाडी म्हणजे ५०० किलो. तो व्यापार मुख्यतः ओल्या आल्याचा आहे.

यावरून ‘अनुकूल हवामान’ या शब्दांचे दोन अर्थ करावे लागतात : एक निसर्गदत्त, दुसरा श्रमसाध्य. पहिल्याच्या ठिकाणीं पीक स्वस्त होतें व त्याची सुंठ होऊन दूरदेशीं जाते. दुसऱ्याच्या ठिकाणीं पाणी, पाला व मजुरी यांचा खर्च अंगावर पडतो. म्हणून तेथील आलें ओलेंच आणि जवळच्या बाजारांत विकलें जातें.

महाराष्ट्रांत घरोघरच्या दप्तरांत जमाखर्च, जकातीच्या याद्या व मुदपाकखान्याचे हिशेब अद्याप पुष्कळ पडून आहेत. ते वाचतांना चार गोष्टी पाहाव्या, अशी आमची सूचना आहे. नोंद आल्याची कीं सुंठेची, तें प्रथम पाहावें. सुंठेची असेल तर माल बाहेरून आल्याचा संभव आधीं धरावा. ओल्या आल्याची असेल तर जवळपास विहिरीचें अथवा पाटाचें बागाईत होतें काय, याचा शोध घ्यावा. आणि दोन्हींचे भाव एके ठिकाणीं मिळाल्यास चार-पांचपटीचा हिशेब करून पाहावा. एवढ्यानें एका क्षुल्लक मसाल्याच्या नोंदींतून त्या गांवची विहीर, त्या गांवची वाट आणि त्या वाटेनें येणारा व्यापारी, हीं तिन्ही डोळ्यांपुढें येऊं शकतात. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते या दृष्टीनें एकदां चाळून पाहावे, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.